खिडकीतल्या दिव्याचा जबाब

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी ती जरा बरी सजवून लिहिली असती.

यात मध्यरात्र नाही, वडाचं झाड नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही. गेल्या वर्षीच्या कार्तिकातला गुरुवार. दुपारचा पाऊण वाजलेला, बाहेर लख्ख ऊन. जागा म्हणाल तर पेणच्या पश्चिमेला, खारपट्ट्यातलं एक घर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथे अजून माणसं राहतात, आणि पेजवर वाचून कुणी गाडी काढून तिथे जावं असं मला वाटत नाही.

ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा धाकटा भाऊ, विराज.

आम्ही मूळचे रोह्याचे. बाबा, माधवराव, तिथल्याच शाळेत शिक्षक होते. मी लग्न होऊन पेणला आले, विराज रोह्यातच राहिला. घरातले दिवे रिमोटवर नि मोबाइलवर चालवायची यंत्रणा बसवणं, हा त्याचा धंदा. स्विचबोर्डाच्या मागे काडेपेटीएवढी डबी बसते, तिला तो मॉड्यूल म्हणतो. रिमोटचं बटण दाबलं की दिवा लागतो, विझतो, हवा तेवढा मंद होतो.

लहानपणी अंधारात मोरीत जायचं तर हा मला झोपेतून उठवून सोबत न्यायचा. तो आता लोकांच्या घरातला अंधार घालवतो म्हणून मी त्याला भरपूर चिडवायचे.

आता नाही चिडवत.

तर, त्या घरात साहिल राहतो. नागोठण्याकडे एका कंपनीत शिफ्टला आहे. बायको दिपिका, तेव्हा तिला पाचवा महिना. आणि साहिलची आई, सगुणाकाकी. पूर्वी घरचं मिठागर होतं, आता खारातली भातशेती. दोन वर्षांपूर्वी विराजनेच त्या घरात मॉड्यूल बसवले. तेव्हा साहिलचे वडील होते, शिवाकाका. त्यांनी सगळ्या खोल्या पोरांवर सोडल्या आणि मागच्या पडवीच्या खिडकीपाशी विराजला धरून उभं केलं.

"हितं चालू-बंद नको. कमी-जास्त व्हणारा पायजे."

म्हाताऱ्याला झोपायला मंद उजेड लागत असेल, असं विराजला वाटलं. त्याने तिथे मंद होणारा मॉड्यूल लावला आणि विसरून गेला.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मोठं उधाण आलं. खाडीकडचा बांध फुटला, आणि राखणीला गेलेले शिवाकाका परत आले नाहीत. दोन दिवसांनी सापडले. सगळं रीतसर झालं, तेरावं झालं.

खिडकीतला दिवा काकी दिवसरात्र चालू ठेवत. पुढच्या अमावस्येपासून तो हलायला लागला.

साहिलचा फोन आला तो कार्तिकात. "विराजदादा, मागचा दिवा आपोआप कमी-जास्त होतोय. दोनदा कमी, दोनदा जास्त. मग परत होता तसा."

"रिमोटचे सेल बदल."

"बदलले. तीनदा बदलले." मग त्याचा आवाज खाली आला. "दादा, तुम्ही येऊन मना एकच सांगा. मॉड्यूल बिघडलाय, का आई करते? दिपिका म्हणते आईच करते नि नाय म्हणते. बाबा गेल्यापासून आईचं डोकं ठिकाणावर नाय, असं आता शेजारचे बी बोलाया लागले. दिपिकाला या दिवसांत हा ताप नको. आई करत असेल तर तिला रोह्याला माझ्या ताईकडे ठेवतो. कायमची."

म्हणजे बघा. एका दिव्याच्या डबीवर एका बाईचं घर टांगलेलं होतं.

विराज गुरुवारी सकाळी दहाला तिथे पोहोचला. साहिल पहिल्या शिफ्टला गेला होता. दिपिकाने दार उघडलं आणि आधी त्याला भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी नेलं. तिने वेळा लिहून ठेवल्या होत्या, तारखेच्या चौकटीत, बारीक अक्षरात. सासूविरुद्धचा पुरावाच तो.

पावणेदहा. दुसऱ्या दिवशी साडेदहा. मग सव्वाअकरा, पाऊण, दीड, सव्वादोन. मग मधले आठ-दहा दिवस काही नाही. पुन्हा पावणेदहा, साडेदहा.

"दिवसा बी, रात्री बी," ती म्हणाली. "दादा, एवढं मोजून यंत्र बिघडतं का? माणूसच करतंय ना हे?"

विराजलाही तसंच वाटलं.

तरी त्याने काम नीट केलं, हे मी सांगते. कामात तो चोख आहे. त्याची एक पद्धत ठरलेली: एकेक भाग बाजूला काढायचा. ज्याला काढल्यावर खोड थांबते, तो दोषी.

बोर्ड उघडला. खाऱ्या हवेने स्क्रू हिरवे पडले होते, ते घासले. तारा आवळल्या. व्होल्टेज बघितलं, ठीक. शेजारच्या कुणाचा रिमोट या दिव्याला लागत असेल म्हणून वाडीत फिरून आला. कुणाकडे तसा रिमोटच नाही. खिडकीचा मॉड्यूल काढून त्या जागी तसाच मंद होणारा नवा बसवला. मग मोबाइलवर नोंदी उघडल्या. कुठला दिवा कुणी कधी हलवला, हे त्यात सगळं येतं.

दिपिकाने लिहिलेल्या एकाही वेळेला... नोंद नव्हती.

रिमोटवरून नाही, मोबाइलवरून नाही. दिव्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मागच्या दारात सगुणाकाकी सुपात जवळा, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, घेऊन निवडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पावन वाजता व्हईल. तवर च्या घे."

"काकी, तुम्हाला कसं माहीत?"

"आज प्रतिपदा ना. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेल. एकाची पाऊणपट पावन. आमच्या खाडीचं घड्याल हाय ते."

विराजने कॅलेंडरकडे बघितलं. तेरसला पावणेदहा. चतुर्दशीला साडेदहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. दिपिकाने वेळा लिहिल्या होत्या, पण वर छापलेली तिथी काही तिने वाचली नव्हती.

भरती. सगळ्या वेळा भरतीच्या. त्याही उधाणाच्या दिवसांतल्याच.

 मग चहा घेतला आणि पाऊण वाजायच्या आधी त्याने बंदोबस्त केला. रिमोटचे सेल काढून टेबलावर ठेवले. यंत्रणेचा मुख्य डबा, त्याचा प्लगच उपटला. रिकामा रिमोट हातात घट्ट धरला. दिपिकाला समोरच्या खुर्चीत बसवलं. काकी दारात, खिडकीपासून दहा पावलांवर, दोन्ही हात सुपात.

आता दिवा हलूच शकत नव्हता.

बाहेर खाडीवरून वारा येत होता. परसात कोंबड्या उकरत होत्या. कुठेतरी रेडिओ चालू होता.

वारा पडला.

मग कोंबड्या गप्प झाल्या.

विराज सांगतो, ताई, रेडिओ चालू होता, पण तो लांब गेल्यासारखा झाला.

काकींची बोटं जवळ्यात थांबली. त्यांनी मान वळवून बांधाच्या दिशेला बघितलं. ओठ हलले, आवाज नाही...

दिवा खाली गेला. अगदी वातीएवढा.

वर आला.

पुन्हा खाली. पुन्हा वर.

मग वारा सुटला, कोंबड्या उकरायला लागल्या. काकींनी जवळ्यातला एक खडा उचलून बाहेर फेकला आणि म्हणाल्या, "झालं."

दिपिका पदर तोंडाला लावून आत निघून गेली. विराज हातातल्या रिमोटकडे बघत राहिला. त्यात सेल नव्हते. ते टेबलावर पडले होते.

मग काकींनी त्याला सगळं सांगितलं. तो मला सांगताना त्यांच्याच बोलीत सांगतो, मी जमेल तसं लिहिते.

"उधाणाला बांधावर राखण असते पोरा. घरटी एक माणूस. बांध गेला तं खारं पाणी शेतान, मंग तीन वर्सं भाताचा दाना नाय. हे राती बांधावर बसायचे नि भरती पुरी झाली की घराकडं तोंड करून कंदील दोनदा वर करायचे. म्हंजे, घरान कसं हाय? मंग मी हितं खिडकीन दिव्याची वात दोनदा कमी, दोनदा मोठी करायची. म्हंजे सगलं बरं हाय, तुमी थांबा. तू तो कमी-जास्त व्हणारा दिवा लावलास तवा हे किती खूश झाले व्हते. म्हणाले, सगुणे, परत वात आली गो."

"आणि जबाब दिला नाही तर?"

"तं माणूस बांध सोडून घरी येतं. बगाया, घरान कं झालं."

काकींनी जवळा पुन्हा निवडायला घेतला.

"त्या राती मना ताप व्हता. अंग फनफनलेलं. म्हटलं, आज नाय देत जबाब. घरी येतील, उशाशी बसतील. मंग वाटलं, बांध जाईल, लोक नावं ठेवतील. उठले, दिवा कमी-जास्त केला. म्हणून ते थांबले." त्या सूप पाखडत राहिल्या. "मी जबाब दिला नसता तं आज जिते असते."

विराजने सेल रिमोटमध्ये परत घातले.

"आता तुम्ही बटण दाबत नाही, काकी. मग दिवा कसा..."

"मी नुसतं मनान म्हणतंय, सगलं बरं हाय. दिवा आपला आपण हलतो. ते अजून इचारतात रे. त्यांना आता कं दिस आन् कं रात. आन् जबाब नाय दिला तं येतील. गेलेलं माणूस दारान येऊ नये. आत पोटुशी पोर हाय."

साडेतीनला साहिल घरी आला. बूट न काढताच त्याने विचारलं, "मॉड्यूल का आई?"

इथे माझा भाऊ चुकला. मी त्याची बहीण आहे, तरी म्हणते, चुकला.

"मॉड्यूल बिघडलाय" एवढं खोटं बोलून तो सुटला असता. किंवा जे बघितलं ते सांगितलं असतं. पण तो घाबरला होता, आणि घाबरला की तो जास्तच शहाण्यासारखा बोलतो. लहानपणापासून तसाच आहे. म्हणाला, "सगळे भाग तपासले. एकच राहिलाय. आईंना दोन दिवस रोह्याला ठेवून बघू. खोड थांबली तर... मग कळेलच."

अरे, माणूस म्हणजे काय मॉड्यूल आहे, इथून काढून तिथे लावायला? मी असते तर तिथेच कान पिळला असता.

 काकींनी दोन लुगडी पिशवीत घातली. विराज रोह्यालाच निघाला होता, त्याच्याच गाडीत बसल्या.  नागोठण्याच्या पुलावर खाली अंबा नदीचं पाणी बघून एवढंच म्हणाल्या, "उद्या दीड."

लेकीच्या दारात उतरताना त्यांनी विराजचा हात धरला. हात गार होता. "माझं घर हाय रे पोरा ते," असं म्हणून त्या आत गेल्या.

शुक्रवारी सकाळी साहिलचा कंपनीतून फोन. "दादा, रात्रीच्या टायमाला मी जागा राहिलो. दिवा अजिबात हलला नाय. म्हणजे आईच." त्याचा आवाज जड झाला होता. "ताईला सांगतो, आई आता तिकडेच राहील. एक मात्र... आमचं कुत्रं रात्रभर खाटेखाली बसून होतं. अंगणात जायला तयारच नव्हतं. बिबट्या फिरत असेल का हो?"

विराजने फोन ठेवला आणि कामाला निघाला.

साडेबारा वाजता त्याला पुन्हा फोन आला. काकींचा, लेकीच्या मोबाइलवरून.

"पोरा, हितून जबाब पोचत नाय. राती बी मी किती येला म्हटलं, नाय पोचला. राती अंगणापातूर आले असतील. आता दाराशी येतील. दिपिका एकटी हाय घरान. मना ने."

समोर अर्धा उघडा बोर्ड, गिऱ्हाईक डोक्यावर उभं. तेवढ्यात त्याला कालचा, हातातला रिकामा रिमोट आठवला. पाच मिनिटांत तो काकींच्या दारात होता.

गाडी हाणली. पण आपला हायवे तुम्हाला माहीत आहे. कासू गावाच्या अलीकडे ट्रकांची रांग लागलेली, पुढे काही हलेना. एक पंचवीस झाले. काकी पुढच्या काचेतून बघत होत्या, ओठ सारखे हलत होते, सगलं बरं हाय, सगलं बरं हाय.

एक अठ्ठावीसला दिपिकाचा फोन आला.

"दादा... मागच्या दारी कोण तरी आलंय."

"कोण?"

"दिसत नाय. दार लावलेलं हाय. आधी पायांचा आवाज आला. चिखलातून पाय काढून टाकतात तसा... पण अंगणात चिखल नाय दादा, अंगण सुकं खडखडीत हाय."

"कुत्रं?"

"आवाजच नाय त्याचा. कसलाच आवाज नाय. कोंबड्या पण नाय..."

मग फोनमधून विराजला ते स्वतःच्या कानांनी ऐकू आलं.

टण्.

लोखंडी काहीतरी पायरीवर ठेवल्याचा आवाज. त्यामागून कडी पडल्याचा. कंदील खाली ठेवला की त्याची तारेची कडी बाजूला पडते, तसा.

दिपिका रडायला लागली. "दादा, कडी वाजतेय दाराची. आतली कडी..."

काकींनी विराजचा दंड धरला. इतका घट्ट की दोन दिवस वळ होता. "जबाब दे. तू दे. तुझा दिवा हाय ना तो, दे लौकर."

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. मोबाइल. दुरुस्तीसाठी प्रत्येक घराचे दिवे त्याच्या मोबाइलवर असतात. काल निघताना मुख्य डब्याचा प्लग त्यानेच परत लावला होता.

त्याने फोन चालू ठेवून दिव्यांचं पान उघडलं. घाईत दोनदा भलत्याच घराचा दिवा उघडला. मग सापडला. पडवी, खिडकी.

पट्टी खाली ओढली. वर नेली.

खाली. वर.

दिपिकाचं रडणं थांबलं. "दिवा..." ती म्हणाली. "दादा, दिवा कमी झाला... जास्त झाला..."

मग फोनवर काहीच नाही. विराज सांगतो, ताई, ते अर्धं मिनिट असेल, पण मला उर्वीचा चेहरासुद्धा आठवेना. उर्वी म्हणजे त्याची लेक.

कंदिलाची कडी उचलल्याचा आवाज आला. पाय निघाले. हळूहळू लांब गेले.

मग एक कोंबडी ओरडली.

ते घरी पोहोचले तेव्हा सव्वादोन वाजले होते. दिपिका ओट्याला टेकून बसली होती, धडधाकट होती. काकींनी तिला पोटाशी धरलं.  तिने सासूला फक्त "आई, जाऊ नका" म्हटलं, आणि एवढ्यावर ते प्रकरण मिटलं. साहिल शिफ्टहून आला, त्याला दिपिकानेच सगळं सांगितलं. तो मागच्या दारी जाऊन उभा राहिला.

पायरीवर एक ओलं वर्तुळ होतं. कंदिलाच्या बुडाएवढं. ऊन लागून ते कडेने सुकत आलं होतं, आणि सुकलं तिथे मीठ पांढरं दिसत होतं.

साहिल खाली बसला आणि त्यावर हात ठेवून लहान पोरासारखा रडला.

इथे संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

शनिवारी तृतीया. सव्वादोनची भरती. विराज मुद्दाम गेला, काकींना परत खिडकीपाशी बसलेलं बघायला. बरं वाटलं असतं त्याला. वारा पडला. कोंबड्या गप्प झाल्या. काकींचे ओठ हलले...

दिवा हलला नाही.

काकींनी पुन्हा म्हटलं. मोठ्याने म्हटलं, "सगलं बरं हाय."

दिवा तसाच.

मग त्यांनी मान वळवून विराजकडे बघितलं. त्याला ते बघणं अजून आवडत नाही. "पोरा," त्या म्हणाल्या, "मोबाइल काढ."

"का?"

"आता माझा नाय चालत. आता ते तुझ्या जबाबाची वाट बघतात."

"पण काकी, मी या घरातला नाही."

"जबाब दिलास ना? जबाब देतो तो घरातलाच."

त्याने पट्टी खाली ओढली, वर नेली. दोनदा. वारा सुटला.

फाल्गुनात दिपिकाला मुलगी झाली. काकी त्याच घरात आहेत, नातीला मांडीवर घेऊन मागच्या दारात बसतात. आता त्यांना कुणी वेडं म्हणत नाही. त्या घरात सगळं बरं आहे.

विराजचं बोलाल तर त्याच्या मोबाइलवर महिन्याभराच्या तिथी आहेत आणि प्रत्येक उधाणाला दिवसातून दोन गजर. खिडकीच्या दिव्याला त्याने स्वतःच्या हाताने वेगळी बॅटरी जोडली, वीज गेली तरी दिवा जाऊ नये म्हणून. लग्नाच्या पंगतीत हा ताट सोडून उठतो. दिवा आपोआप ठरल्या वेळी हलेल, अशी सोय त्या यंत्रणेत आहे. त्याने तीही करून बघितली. दिवा हलला, पण वारा सुटला नाही, असं काकींनी फोन करून सांगितलं. मग त्याने हाताने दिला.

त्याची बायको मैथिली आधी हसायची. मीही हसले. पौषापर्यंत.

पौषात उर्वीला ताप चढला. दवाखान्यात धावपळ, मोबाइलची बॅटरी संपलेली. प्रतिपदा होती. पाऊण वाजून गेला तरी याला भान नाही. रात्रीचीही वेळ तशीच हुकली. मैथिली कपडे न्यायला घरी आली होती, रोह्याला. त्यांचं घर तळमजल्याला आहे, मागे छोटं दार. तिला मागे काहीतरी वाजल्यासारखं वाटलं, कुणी दुधाची किटली ठेवावी तसं. एवढ्या रात्री कुठलं दूध, म्हणून ती दार न उघडताच पुढून निघून गेली.

रोहा ते तो बांध, चाळीस किलोमीटर तरी असेल.

दुसऱ्या दिवशी उर्वीला घरी आणलं, तेव्हा मी तिला बघायला गेले. मागच्या दारी चपला काढताना मला पायरीवर ते दिसलं. गोल, पांढरं. मी बोट लावून जिभेला लावलं. का लावलं कुणास ठाऊक.

मीठ होतं.

मैथिलीने ते घासून काढलं. दमट हवा झाली की परत उमटतं.

तेव्हापासून मीही तिथी बघायला लागले. पेणहून भावाला फोन करायचा, "दिलास का रे?" तो म्हणायचा, "दिला." मग मी माझ्या कामाला लागायचे. पाच-सहा उधाणं असं चाललं.

परवा चतुर्दशीला साडेदहाच्या आधी मी असाच फोन केला. 

"ताई," तो म्हणाला, "तू आठवण करत जाऊ नकोस."

"का? विसरलास तर?"

"विसरलो तर माझं मी बघेन. पण तू मध्ये पडू नकोस. आठवण करून देणारं माणूसही घरातलंच असतं."

मी फोन ठेवला. त्या रात्री खाडीकडून येणारा वारा जरा पडल्यासारखा वाटला, पण पेणला असा वारा पडतोच.

सकाळी उठल्यावर मी चहा टाकायच्या आधी मागचं दार उघडते आणि पायरी बघते. अजून तरी कोरडी आहे.